बदामाची बिस्किटं यंदा घरच्या घरी

पुणे, दसरा

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

दिवाळीची बिस्किटं भाजून देणाऱ्या भट्टीवर आत्तापासूनच नंबर लागलेत असं आई म्हणाली. रवा-तूप-साखरेचे डबे घेऊन तिथं ताटकळत उभं राहणं बाबांच्या गुडघ्यांना आता झेपायचं नाही. मागच्या वर्षी घेतलेला ओव्हन तर घरात आहेच. म्हणून बदामाच्या बिस्किटांचं सगळं सविस्तर लिहितेय. फोनवर सांगितलं की प्रमाण इकडचं तिकडं होतं. हा कागद फ्रिजवर चिकटवून ठेवा.

एका घाण्याचं प्रमाण असं: मैदा १६० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, साजूक तूप १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, मीठ चिमूटभर, आणि इलायची-जायफळ आईच्या हाताला येईल तेवढं. २० ग्रॅमचा एक गोळा धरला तर २५ बिस्किटं होतात. वाटीच्या मापावर जाऊ नका. मैदा चाळून भरला की वाटीत कमी बसतो, दाबून भरला की जास्त, आणि या कामात २० ग्रॅमचा फरकसुद्धा बिस्किटात दिसतो. घरी काटा नाही, तेव्हा मोंढ्यातल्या दुकानदाराकडून मोजून वेगवेगळ्या पुड्या बांधून आणाव्यात. तूप मात्र घरचंच घ्या. मिलीच्या खुणा असलेल्या पेल्यात पातळ तूप १३५ ते १४० मिली भरलं की १२५ ग्रॅम झालं. मग ते परत थिजू द्या.

हे थिजणं सगळ्यात महत्त्वाचं. बिस्किट बसकं झालं, पसरलं, एकमेकांना चिकटलं, तर दहातल्या आठ वेळा दोष तुपाचा असतो. दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडं सकाळी गारवा असतो आणि दुपारी पुन्हा ऊन तापतं. तेवढ्या उन्हात तूप ढिलं पडतं. भट्टीवरच्या बिस्किटांत बहुतेक वनस्पती तूप असतं. ते साजूक तुपापेक्षा जास्त उष्णतेला विरघळतं, म्हणून ती बिस्किटं दुपारीही आकार सोडत नाहीत. घरच्या तुपाला हे जमत नाही. तेव्हा हे काम सकाळी आठच्या आत हातावेगळं करा. तूप रवाळ, बोट दाबलं की खड्डा पडावा पण बोटावरून ओघळू नये, इतपत हवं. फ्रिजमधून काढलेलं दगडासारखं तूपही नको, ते फेसलंच जात नाही. आणि आई, तूप आधी बारीक गाळणीतून गाळून घे. बेरीचे कण राहिले तर ते भाजताना करपतात, फिक्या बिस्किटावर काळे ठिपके दिसतात. तूप नीट कढलेलं नसलं, खाली पाण्याचा अंश राहिला, तर बिस्किट खुसखुशीत व्हायच्या ऐवजी कडक होतं.

आता बदाम. विकत घेताना दोन-चार फोडून बघा. आतून पांढरे असावेत. पिवळट असतील किंवा खवट वास आला तर घेऊ नका, कारण भाजल्यावर तो वास जात नाही, उलट वाढतो. बरेच जण बदाम गरम पाण्यात टाकून सालं काढतात. मला विचाराल तर ते करूच नका. सोललेल्या बदामात पाणी राहतं, ते वाटताना लगदा होतो आणि बिस्किट मऊ पडतं. सालीनं रंग थोडा तपकिरी येतो, एवढंच. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं नुसते गरम करा, लाल करायचे नाहीत, आणि पूर्ण गार होऊ द्या. बदामात जवळजवळ निम्मं तेल असतं. गरम बदाम मिक्सरला लावले किंवा मिक्सर सलग फिरवला, की पूड व्हायच्या जागी चिकट गोळा होतो. तोललेल्या मैद्यातले दोन चमचे बदामात घाला, तो सुटलेलं तेल धरून ठेवतो. बटण दोन-तीन सेकंद फिरवायचं, थांबायचं, भांडं हलवायचं, पुन्हा फिरवायचं. पूड रव्यासारखी झाली की बास, मग चाळून घ्या. चाळणीवर जो चुरा उरेल तो एरवी तसाच घातला असता, पण बाबांच्या कवळीत तो अडकतो, तेव्हा चाळणीवरचा चुरा परत एकदा फिरवून घ्या. वर अख्खा बदामही लावू नका, हवं तर पातळ काप चिकटवा.

साखर घरीच दळा आणि मैद्याच्या चाळणीनं चाळा. जाड कण राहता कामा नयेत.

तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळहातानं एकाच दिशेनं फेसा. सुरुवातीला ते पिवळं आणि दाणेदार असतं. चार-पाच मिनिटांनी रंग फिका पडतो, दहा मिनिटांच्या आसपास पांढरं, हलकं, फुगल्यासारखं होतं आणि परातीला चिकटायचं सोडतं. वाटीभर पाण्यात थोडंसं टाकून बघा. साखरेच्या वजनानं न फेसलेलं मिश्रण तळाला जातं, आत हवा धरली असेल तर तरंगतं. आईचा हात दुखला तर बाबांनी घ्यावं, मध्ये थांबलं तरी चालतं. परात हाताला कोमट लागायला लागली तर ती गार पाण्याच्या भगुण्यावर दोन मिनिटं ठेवा.

मैदा, रवा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र दोनदा चाळून घ्या. पावडर जुनी असेल तर आधी चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा, लगेच फसफसली तरच वापरा. खाण्याचा सोडा घालायची सवय सोडून द्या. तो जरा जास्त पडला की साबणासारखी चव येते. चाळलेलं पीठ, बदामाची पूड, इलायची-जायफळ फेसलेल्या तुपात घालून बोटांनीच गोळा करा, कणकेसारखं मळू नका. तळहाताच्या उबेनं तूप सुटतं आणि सगळी मेहनत वाया जाते. गोळा भुरभुरीत वाटला तर दूध शिंपडायचा मोह होईल. अजिबात शिंपडू नका. दुधातलं पाणी मैद्याला लागलं की बिस्किट चिवट होतं. चमचाभर तूप घाला.

लगेच सगळी बिस्किटं थापू नका. आधी फक्त दोन भाजून बघा. पसरली तर गोळ्यात चमचाभर मैदा घाला आणि पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तोडतानाच भुगा होत असेल तर तूप कमी आहे. दोन बिस्किटं वाया गेली तरी चालेल, पंचवीस जायला नकोत.

ओव्हन १७० अंशांवर, खालची-वरची दोन्ही कॉइल लावून, १५ मिनिटं रिकामा तापवा. थंड ओव्हनमध्ये ट्रे सरकवला तर बाहेरून बिस्किट धरायच्या आधीच तूप वितळून जातं. गोळे वळून हलकेच दाबा, मध्ये अंगठ्यानं खळगा करा, दोन गोळ्यांत दीड इंच जागा सोडा. मधल्या खाचेत ट्रे ठेवून १६ ते १८ मिनिटं. वरून फिकीच दिसतील, वरचा रंग बघत बसू नका. सराट्यानं एक उचलून खालची बाजू बघा, ती बदामी झाली की काढायचं. ओव्हनमध्ये असताना बिस्किट बोटाला मऊच लागतं, गार होताना कडक होतं. कडक होईपर्यंत आत ठेवलं की खालून करपतं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, मोडतील. दुसरा घाणा गरम ट्रेवर मांडायचा नाही, ट्रे धुऊन गार करून घ्या.

बाबा, एक काम तुमचं. ओव्हनची पिन जाड आहे, तो १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा, टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डाला नाही. इन्व्हर्टरवरही तो चालत नाही. मध्येच लाइट गेली आणि १२ मिनिटं होऊन गेली असतील, तर दार उघडू नका, आतल्या धगीवर पाव तासात होऊन जातात.

लाइटचा भरवसाच नसेल तर जाड बुडाच्या भगुण्यात अर्धा किलो मीठ पसरून, त्यावर तिवई ठेवून, झाकण लावून मध्यम आचेवर बारा मिनिटं तापवा, मग मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. एका वेळी सहा-सातच बसतात. यासाठी कुकर वापरू नका, पाण्याशिवाय तापवला की बूड वाकतं.

बाबांच्या शुगरचं म्हणाल, तर एका बिस्किटात साधारण ४ ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम तूप जातं, मैदा आहे तो वेगळाच. दिवसाला एक, आणि तेही जेवणानंतर. साखर ८० ग्रॅमपर्यंत खाली आणता येईल, त्याखाली बिस्किट कोरडं आणि फिकं होतं. गुळाची करू म्हणून आई मागं लागेल. गुळानं शुगर वाढायची ती वाढतेच, शिवाय त्यातल्या ओलीमुळं खुसखुशीतपणा जातो. त्यापेक्षा मैद्यातला ५० ग्रॅम काढून तेवढं शाळूचं पीठ, वस्त्रगाळ करून, घाला. चव छान लागते. शुगरसाठी त्याचा फार उपयोग नाही, आणि त्याहून जास्त घातलं तर धरून राहत नाही, कारण ज्वारीत मैद्यासारखा चिकटपणा नसतो.

दीड-दोन तास जाळीवर पूर्ण गार झाल्यावरच स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोमट भरली तर आत वाफ धरते आणि दुसऱ्याच दिवशी मऊ पडतात. पडलीच तर १३० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवून पुन्हा गार करा. पंधरा-वीस दिवस सहज टिकतात, तेव्हा वसुबारसेच्या दोन दिवस आधी केलीत तरी भाऊबीजेला ताजी लागतील. चिवड्याच्या डब्याशेजारी ठेवू नका, लसणाचा वास धरतात.

ओव्हनच्या आकड्यावर आणि आतल्या खऱ्या तापमानात १०-१५ अंशांचा फरक पडू शकतो. आत ठेवायचं छोटं थर्मामीटर दादासोबत पाठवतेय. पहिल्या दोन बिस्किटांची खालची बाजू कशी आली, तेवढं कळवा. त्यावरून मिनिटं कमी-जास्त सांगते.

तुमची लेक