वार हुकला की नशिबाला दोष का?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

हातात धरून खेळायच्या गेमयंत्रांवर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘फायर एम्ब्लेम’ला, म्हणजे चौकटींच्या नकाशावर आपले योद्धे पाळीपाळीने लढवायच्या खेळाला, नशिबाचा खेळ म्हटले आहे. हा त्या खेळावर अन्याय आहे आणि नव्या खेळाडूचेही त्यात नुकसान आहे. नशिबावर बोट ठेवले की माणूस पडद्यावरचे आकडे वाचायचे सोडून देतो.

१९९० मध्ये जपानात सुरू झालेली ही मालिका जपानबाहेर पहिल्यांदा पोहोचली ती २००३ मध्ये, गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रावरच्या भागातून. पुढचे सगळे त्याच भागाबद्दल. हल्ल्याआधी ‘हिट’ची, म्हणजे वार लागण्याची, जी टक्केवारी दिसते, ती जशीच्या तशी लागू होत नाही. खेळ ० ते ९९ मधले दोन आकडे काढतो. त्यांची सरासरी दाखवलेल्या आकड्याहून कमी आली तर वार लागतो. सरासरी नेहमी मध्याकडे ओढली जाते. त्यामुळे ९० दिसत असताना वार ९८ टक्के वेळा लागतो, ८० चे ९२ होतात आणि ३० चे उरतात जेमतेम १८. चांगल्या तयारीच्या खेळाडूला याचा फायदाच होतो. ‘क्रिटिकल’चे, म्हणजे एखाद्या वेळी बसणाऱ्या जबर वाराचे, मात्र तसे नाही. तिथे एकच आकडा निघतो, म्हणून शत्रूचा क्रिटिकल ३ टक्के दिसला तर तो खरोखरच ३ टक्के असतो, आणि बसला तर इजा तिप्पट.

मग माणसे मरतात कशाने? बहुतेक वेळा शत्रूच्या पाळीत, एकटी पुढे सोडल्यामुळे. ३० टक्के दाखवणारे चार वार एकावर येऊ दिले, तर त्यांतला निदान एक लागण्याची शक्यता ५५ टक्के होते. आणि इथे मेलेला योद्धा पुढच्या प्रकरणात परत येत नाही. पाळी संपवण्याआधी जवळच्या प्रत्येक शत्रूवर कर्सर नेऊन ए बटण दाबावे. तो कुठवर चालतो आणि कुठवर मारतो ते रंगीत चौकटींत दिसते. ज्या चौकटीवर एकाचीच पोहोच आहे तिथे उभे राहावे. ती जंगलाची असेल तर उत्तमच, कारण शत्रूच्या हिटमधून आणखी २० वजा होतात. शत्रूच्या हातात काय आहे तेही पाहावे: तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. भारी बाजूला हिटमध्ये १५ आणि इजेत १ जास्त मिळतो. दुसऱ्या बाजूचे तेवढेच कमी होतात.

सर्वांत जास्त फसवणूक शस्त्राच्या वजनात होते. पोलादी तलवार महाग, म्हणून ती चांगली असे वाटते. लिन या तलवारवाल्या नायिकेचे उदाहरण घ्या. तिचा ‘कॉन’, म्हणजे शरीराचा बांधा, ५ आहे आणि लेव्हल वाढली तरी तो वाढत नाही. लोखंडी तलवारीचे वजन ५, पोलादीचे १०. बांध्यापेक्षा जेवढे वजन जास्त, तेवढा हल्ल्याचा वेग कमी. म्हणजे पोलादी हातात घेताच लिनचा वेग ५ ने उतरतो आणि वार चुकवण्याची क्षमता १० ने. शत्रूपेक्षा वेग निदान ४ ने जास्त असेल तरच दोन वार करता येतात, तेही बऱ्याचदा हातचे जातात. इजा म्हणजे शक्ती अधिक शस्त्राचे बळ (लोखंडीचे ५, पोलादीचे ८) वजा समोरच्याचे संरक्षण; शक्ती ८ आणि संरक्षण ५ धरले, तर लोखंडीचे दोन वार ८ आणि ८ मिळून १६ ची इजा करतात. पोलादीचा एकच वार ११ ची. शिवाय लोखंडीचा मूळ हिट ९०, पोलादीचा ७५. लोखंडी ४६ वेळा चालते, पोलादी ३० वेळा. मजबूत बांध्याच्या योद्ध्यालाच पोलाद द्यावे.

यंत्र बंद करून प्रकरण पुन्हा पुढे चालू केले, तरी सुरू झालेली लढत त्याच निकालाने परत दिसते. तेव्हा विचार आधीच हवा. पहिला वार दोन चौकटींवरून धनुर्धराने करावा, कारण नुसती तलवार धरलेला शत्रू तिथवर उलटा वार करू शकत नाही. मग उरलेला शत्रू कच्च्या लेव्हलच्या योद्ध्याला मारू द्यावा. मारणाऱ्याला अनुभवाचे गुण जास्त मिळतात. मार्कससारख्या आधीच बढती मिळालेल्या स्वाराला ते फार थोडे मिळतात, म्हणून त्याला शत्रूंना अडवून धरण्यासाठी पुढे ठेवावे.

आपले,
काही नियमित वाचक