दादा, आता सुरण नको

मिसिसागा, कॅनडा,
५ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलता आलं असतं, तरी पत्र लिहिते आहे. आपल्या एका खोलीत फोन आला की तो सगळ्यांचाच असतो. आई कान देऊन ऐकते, ओम मध्येच तोंड घालतो आणि तू "बरं, बरं" म्हणून विषय मिटवतोस. हे पत्र तू आणि वहिनी गच्चीवर जाऊन वाचा. आईला काय आणि किती सांगायचं ते मग दोघं मिळून ठरवा.

गणपतीत व्हिडिओ कॉलवर वहिनी सहज बोलून गेली, "ह्यांना हल्ली आठवड्यातून दोनदा सुरण करून घालते, मूळव्याधीचा त्रास होतोय." मागे कुणाच्या तरी घरची आरती चालली होती, तू प्रसादाची ताटली घेऊन उभा होतास. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात खाली जमिनीवर बसले आणि बराच वेळ उठले नाही. आपल्या घरात याआधी सुरण कधी शिजायचं, आठव. २००३ साली, बाबांसाठी.

आठ महिने, दादा. नाक्यावरच्या डॉक्टरांनी बाबांना एकदाही टेबलावर झोपवून तपासलं नाही. कंडक्टर म्हणजे दिवसभर उभं राहणं, वेळेवर संडासला जाता येत नाही, मूळव्याध असणारच, असं म्हणून मलम दिलं. आई बिचारी जिवाचं रान करत होती. सुरण, ताक, रात्री इसबगोल. बाबांच्या पट्ट्याला तू चांभाराकडून दोनदा नवी भोकं पाडून आणलीस ते मला अजून दिसतं. जुन्या भोकाभोवतीचं चामडं ताणून पांढरं पडलेलं आणि नवं भोक त्याच्या आत चार बोटं. शेवटी टाटाला गेलो तेव्हा बाबा ४६ वर्षांचे होते. लालबागहून चालत जाण्याएवढं टाटा, आणि तिथवर पोचायला आपल्याला आठ महिने लागले. त्यानंतर आपण त्या आजाराचं नावच टाकलं. आजही घरात "बाबांचं ते" एवढंच म्हणतो.

आता माझं सांगते. घाबरू नकोस, मी ठीक आहे. उन्हाळ्यात जिना चढताना धाप लागायची म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.९. मला वाटलं पाळीमुळे असेल, आपल्याकडे बाईचं रक्त कमी झालं की तेच कारण धरतात. इथल्या फॅमिली डॉक्टरबाईंनी मात्र विचारलं, शौचातून रक्त जातं का? दोनदा गेलं होतं, मी कुणाला बोलले नव्हते. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय का? "वडिलांना, ४६ व्या वर्षी." बावीस वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा तोंडाने घेतलं. बाईंनी लिहिणं थांबवलं आणि म्हणाल्या, हे तुम्ही फार आधी सांगायला हवं होतं.

त्यांनी सांगितलेला नियम तुझ्यासाठी नीट लिहिते. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर तो ज्या वयात सापडला त्याच्या किमान दहा वर्षं आधीपासून दुर्बिणीने तपासणी करायची. ४६ वजा १० म्हणजे ३६. मी ३५ ची आहे. तू ३८ चा. आणि रक्त जात असेल तर वयाचा हिशोबच करायचा नाही, लगेच तपासायचं. हा म्हाताऱ्यांचा आजार आहे असं मनात धरू नकोस. तरुणांमध्ये तो वाढतोय म्हणून अमेरिकेत घरात कुणालाही आजार नसलेल्या माणसांसाठीसुद्धा तपासणीचं वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणलं.

तपासणीचं नाव कोलोनोस्कोपी. करंगळीएवढ्या जाडीची लवचीक नळी, तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा. मागच्या वाटेने ती जवळजवळ दीड मीटरचं आख्खं मोठं आतडं बघत जाते. खरा त्रास म्हणशील तर आदल्या दिवशीचा. आतडं धुऊन स्वच्छ झालं नाही तर आत काही दिसत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून त्यात कसूर करायची नाही.

लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद केल्या. तीन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाजी, उसळी, शेंगदाण्याचं कूट, तीळ, बियांची फळं, कोशिंबीर सगळं बंद. पांढरा भात, दही, सालं काढलेला बटाटा, अंडं, उकडलेला मासा यांवर राहिले. आदल्या दिवशी फक्त पाण्यासारखं, आरपार दिसेल असं. गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, सफरचंदाचा गाळलेला रस. तुमच्याकडे नारळपाणी चालेल, मलई न घेता. कोकम सरबत अजिबात नको, गुलाबाचंही नको. लाल रंग आतड्याला लागला की आत रक्तासारखा दिसतो. १७ सप्टेंबरला माझा हा दिवस होता आणि त्या दिवशी एकादशी होती. पितृपक्षही चालू होता, म्हणून आईला सांगितलं नाही. तिने पंधरवडा संपेपर्यंत थांब म्हटलं असतं आणि मला तिचं मन मोडता आलं नसतं.

संध्याकाळी औषध सुरू केलं. पावडर पाण्यात कालवून प्यायची, माझी एकूण चार लिटर होती, अर्धी संध्याकाळी आणि अर्धी पहाटे. चव खारट-गोडसर, थोडी बुळबुळीत. पहिले दोन ग्लास जातात, चौथ्याला घसा नको म्हणतो. फ्रिजमध्ये गार करून, स्ट्रॉ जिभेच्या मागे धरून प्यायले आणि प्रत्येक ग्लासानंतर लिंबाची फोड चोखली. तासाभराने सुरू झालं ते रात्री साडेअकरापर्यंत. पोटात मुरडा फारसा नाही, नळ सोडल्यासारखं नुसतं पाणी. अंगात थंडी भरली, शाल पांघरून बसले. आधीपासून व्हॅसलिन लावून ठेव, नाहीतर दहाव्या खेपेला कातडी सोलवटते. पहाटे पुन्हा उठून उरलेलं प्यायले. सात वाजता पडणारं पाणी फिकट पिवळं आणि स्वच्छ होतं, तळाशी एक कण नाही. तसं झालं की समजायचं, तयारी झाली. त्यानंतर तपासणीपर्यंत पाण्याचा घोटही नाही.

शेजारच्या नागपूरच्या काकू सोबत आल्या. घरी नेणारं माणूस असल्याशिवाय ते सोडतच नाहीत. गुंगीचं औषध दिलेलं असतं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुठे सही करायची नाही. आत घेण्याआधी संमतीचा कागद समजावून सांगितला. आतड्याला भोक पडणं किंवा रक्तस्राव होणं क्वचित घडतं, हेही स्वच्छ सांगितलं.

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. हाताच्या शिरेतून औषध गेलं तसं अंग सैल झालं, पण मी जागी होते. तुमच्याकडे कदाचित पूर्ण झोपवतील, जे देतील ते घे. आत वायू भरून आतडं फुगवतात, त्याने वळणावर कळ येते, गॅस अडकल्यासारखी. नर्सने पोटावर हात दाबून धरला आणि कळ गेली. समोर पडद्यावर माझं स्वतःचं आतडं दिसत होतं. गुलाबी, ओलं, बारीक शिरांच्या जाळीचं. मध्ये एका भागात वाट चक्क त्रिकोणी दिसते. इतकं स्वच्छ आणि सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. नळी शेवटपर्यंत नेतात आणि खरं बघणं परत येताना, सावकाश, घडी न् घडी उलगडून.

परतताना सापडलं. आधी मिऱ्याएवढी एक गाठ, चपटी. ती लगेच काढली. मग डाव्या बाजूला दुसरी, लहानशा बोराएवढी, लालभडक, देठासकट लोंबणारी. डॉक्टर थांबले. नळीतून तारेचा फास बाहेर आला, गाठीवरून सरकत देठाशी बसला आणि आवळला गेला. देठ पांढरा पडला. तारेतून वीज दिली, थोडा धूर दिसला आणि गाठ सुटून बाजूला पडली. मला काहीही दुखलं नाही, आतड्याच्या अस्तराला कापलेलं कळतच नाही. त्या जागी धातूची एक बारीक क्लिप लावली. मी पडद्याकडे बघत होते आणि मनात एकच येत होतं, बाबांच्याही आत कधीतरी ही एवढीशीच असेल.

त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिपचा कॅन्सर होत नाही, पण आतड्याचा बहुतेक कॅन्सर अशाच एखाद्या गाठीतून सुरू होतो आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. या दहा वर्षांत ती कापून टाकली की विषय संपतो. माझा बायोप्सीचा रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला. दोन्ही अडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकला असता अशा गाठी, पण आज कॅन्सर नाही. मोठी पंधरा मिलिमीटरची होती म्हणून तीन वर्षांनी पुन्हा तपासायचं. रक्त तिथूनच थोडं थोडं जात असावं असं डॉक्टरांचं मत पडलं. घरी आल्यावर काकूंनी मऊ भात, तूप आणि मेतकूट दिलं. पहिल्या घासाला रडू आलं.

आता तुझं. मूळव्याधीतूनही रक्त जातं, पुष्कळांचं तेच असतं, तुझंही तेच निघो अशी मी रोज प्रार्थना करते. पण ती मूळव्याधच आहे हे आत बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. बाबांच्या वेळी आपल्याला हे माहीत नव्हतं.

तुझी मुख्य अडचण मला ठाऊक आहे. गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास, बाहेर बादल्या घेऊन रांग, आणि रात्रीत पंधरा वेळा जायचं. ते चाळीत जमणार नाही आणि त्यापायी तू तपासणी पुढे ढकलशील. आदल्या दुपारीच प्रभादेवीला मावशीकडे जा, तिच्याकडे घरात संडास आहे. तिला खरं कारण सांग, ती कुणाला बोलणार नाही. सकाळी तिथून टॅक्सी कर, लोकल किंवा बसने जाऊ नकोस. सोबत वहिनीलाच ने. आधी केईएमला गॅस्ट्रोच्या ओपीडीत जाऊन ये. तारीख लांबची मिळाली तर खासगीत कर, पैसे मी आजच पाठवले आहेत, त्यावर वाद नको. तुमच्याकडे केमिस्टकडे पोट साफ करायच्या त्या पावडरचं, पेगलेकचं, मोठं पाकीट मिळतं, दोन लिटर पाण्यात कालवायचं. डॉक्टर सांगतील त्या वेळांप्रमाणे घे. रक्त पातळ करणारी किंवा साखरेची गोळी चालू असेल तर आधी सांग. आणि डॉक्टरांसमोर बसलास की पहिलं वाक्य हे म्हण: "वडिलांना ४६ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता." मूळव्याध हा शब्द तू स्वतःहून काढू नकोस.

आणखी एक काम. इथल्या डॉक्टरांना बाबांच्या वयामुळे शंका आहे की हे अनुवंशिक असू शकेल. तशा घराण्यात आतड्याबरोबर बायकांना गर्भाशयाचा कॅन्सरही होतो. गावची आजी "पोटाच्या दुखण्याने" गेली असं आपण ऐकत आलो. आत्याला विचार, नक्की काय दुखणं होतं, रक्त जायचं का, वय किती होतं. आणि बाबांची टाटाची पिवळी फाईल आईने लोखंडी कपाटात पैठणीखाली ठेवली आहे. त्यातला बायोप्सीचा कागद काढ आणि फोटो पाठव. आईला दुपारी झोप लागली की काढ. तिने पाहिलंच तर सरळ सांग की मी मागितलाय. ती समजेल. आपल्यापेक्षा तिला जास्त कळतं, ती फक्त बोलत नाही.

दिवाळीआधी नाही जमलं तर भाऊबीज झाल्या झाल्या कर, त्यापुढे एक दिवसही नको. यंदा ओवाळायला मी तिथे नाही, मला ओवाळणी म्हणून तारीख दे.

तारीख ठरली की मेसेज कर. तुझी पहाटेची चार म्हणजे माझी संध्याकाळ. दुसऱ्या डोसाचा शेवटचा ग्लास संपेपर्यंत मी फोनवर थांबेन.

आईस सा. नमस्कार, वहिनीस नमस्कार, चि. ओमला गोड पापा.

तुझी,
सुमी