नानांची भरती चुकली

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुमे,

दिवाळीपासून तुला दोन ओळीही लिहिल्या नाहीत. तुझा मेसेज आला होता, निवांत लिहू म्हणून ठेवला आणि तो निवांतपणा काही मिळाला नाही. रागावली असशील तर रागाव, पण आधी हे पूर्ण वाच. घरात कुणाला सांगून उपयोग नाही, तुला एकटीलाच कळेल.

आम्ही सगळे बरे. मिलिंदची पाठ, माझी शुगर, चालू आहे.

बुद्धपौर्णिमेला जोडून कोकणात जाऊन आलो. दोन गाड्या, अकरा माणसं, भाड्यानं आणलेले चार तंबू. आम्ही चौघं नि नाना, दादा-वहिनी नि रेवा, शिवाय मिलिंदच्या ऑफिसातलं एक जोडपं आणि त्यांचा मुलगा. मुलांना हॉटेल नको होतं, वाळूवर झोपायचं होतं. पहाटे पाचला निघालो. ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन करत बागमांडल्याला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि वेसवीकडे जाणारी फेरी नुकतीच लागत होती. नाना उतरून सरळ धक्क्याच्या टोकाला गेले. मुलांना म्हणाले, "बघा, खाडी कशी काठोकाठ भरलीय. आज पौर्णिमा. पंधराची पाऊणपट किती? सव्वाअकरा. घड्याळ बघा!" ओजसनं घड्याळ बघितलं नि टाळ्याच वाजवल्या.

तुला आठवतंय ना? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. ओटीवर बसवून त्यांनी आपल्याकडून ते पाठ करून घेतलं होतं, आणि तू पावकी-निमकीत कच्ची म्हणून तुला गुळाचा खडा उशिरा मिळायचा. तू म्हणायचीस मी तुझा खडा खाल्ला. नाही खाल्ला गं, दादानं खाल्ला होता, आता त्यानं कबूल केलंय.

फेरीवर तर नाना अगदी रंगात होते. बाणकोटचा किल्ला दाखवला, त्याचंच नाव हिंमतगड, इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया केलं, हे सगळं. मग ते लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं दाभोळला यायचे ती गोष्ट. बोट खोल पाण्यात थांबायची आणि तिथून पडावात उतरायचं, उतरताना आजीची ट्रंक पाण्यात पडली होती. ट्रंकेत काय काय होतं त्याची यादीसुद्धा त्यांनी न चुकता म्हटली. मी मनात म्हटलं, माझ्यापेक्षा यांची स्मरणशक्ती चांगली.

केळशीत जेवलो आणि साडेपाचच्या सुमारास आंजर्ल्याला पोचलो. पाणी इतकं लांब गेलं होतं की मुलं लाटेपर्यंत पळत जाऊन दमून परत आली. सुरूच्या बनाला लागून तंबू ठोकावेत असं दादा म्हणत होता. नाना म्हणाले, तिथं काटक्या टोचतात, खाली घ्या, वाळू घट्ट आहे. एक गाववाला स्कूटर थांबवून म्हणाला, "जरा वर घ्या, रात्री पाणी येतं." तर नाना त्याच्यावर चढलेच. "गुहागरचा आहे मी. आज अष्टमी. अष्टमीची भरती सहाला. म्हणजे हेच भरलेलं पाणी, याच्यावर येत नाही."

सुमे, मी शेजारीच उभी होते. सकाळी त्यांच्याच तोंडून पौर्णिमा ऐकली होती. तंबूच्या वरच्या अंगाला वाळक्या शेवाळाची नि शिंपल्यांची रेघ होती, कालच्या भरतीची, तीही मला दिसत होती. सात वाजता समोर सूर्य बुडाला आणि मागे डोंगरावर भलामोठा वाटोळा चंद्र आला. अष्टमीला तो अर्धा असतो आणि संध्याकाळी डोक्यावर असतो, हे मला नानांनीच शिकवलंय. तरी मी बोलले नाही. बोलले असते तर खरं काय ते तेव्हाच पाहावं लागलं असतं.

अकराच्या आधीच पाणी आलं. पौर्णिमेचं उधाण ते, आलं ते थेट तंबूत. मुलं किंचाळत होती पण त्यांना मजाच वाटत होती. गाद्या भिजल्या, वहिनीनं मुद्दाम आणलेला ओल्या काजूच्या उसळीचा डबा वाहून गेला. कुणाला काही झालं नाही. सगळे सुरूखाली जमलो तेव्हा नाना डोक्यांवर टपली मारत मोजायला लागले, आपल्याला मोजायचे तसे. स्वतःला धरून अकरा झाले. पुन्हा मोजलं, पुन्हा अकरा. मग म्हणाले, "बारावी कुठाय? सुमी वर नाही आली." आणि ते पाण्याकडे चालायला लागले.

गुडघाभर पाण्यात मी त्यांना धरलं. हात सोडवून घेत होते. "पाणकोंबडी आहे ती, हाक मारल्याशिवाय यायची नाही," म्हणाले आणि तुला हाक मारली. दोनदा. शेवटी मीच म्हटलं, "नाना, आली सुमी, वर बसून केस पुसतेय." तेव्हा कुठे वळले.

दादा म्हणतो उन्हाचा ताण, प्रवास, झोपमोड. दुसऱ्या दिवशी दाभोळच्या फेरीतून गुहागरला गेलो. व्याडेश्वराच्या देवळात गुरवाशी ते नीट बोलले, जुन्या माणसांची नावं विचारली. दादाला तेवढं पुरलं. मला पुरत नाही. इथं आल्यापासून मी रोज सकाळी सहज विचारल्यासारखी तिथी विचारते. कधी बरोबर सांगतात, कधी कालनिर्णयकडे बघतात. परवा म्हणाले, "परीक्षा घेतेस का माझी?" मला स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागलं.

आणि मग सारखे आठवतात ते काकूंचे दिवस. भिशीचे पैसे चारचारदा मोजतात म्हणून तू रात्री फोनवर रडलीस आणि मी म्हटलं, वय झालं की होतंच. तू फोन ठेवलास, दोन महिने बोलली नाहीस. मी लोकांना सांगत फिरले की सुमी फार मनाला लावून घेते. चुकले गं. तुझं बरोबर होतं, आणि मला त्या दिवशी गाडी पकडून तुझ्याकडे यायला हवं होतं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

आता मला सांग, काकूंना तू पहिल्यांदा डॉक्टरकडे काय सांगून नेलंस? खरं सांगितलंस की शुगर तपासायची म्हणून नेलंस? नाना फसवलं की ओळखतात, आणि खरं सांगायला माझी जीभ उचलत नाही. दादाला कसं पटवू? तुझ्या भावाला तू कसं पटवलंस? की नाहीच पटलं त्याला?

तुझा गुडघा कसा आहे, जिने चढतेस का? मुलीचा बारावीचा निकाल लागला की लगेच कळव. बंगळूरला पाऊस सुरू झाला म्हणे. कोकमाच्या दोन बाटल्या दादाच्या मित्राबरोबर पाठवतेय, एक शेजारणीला देऊ नकोस, दोन्ही तुझ्याच.

नाना आज जेवताना म्हणाले, सुमी बऱ्याच दिवसांत आली नाही. या वेळी ते आजचंच बोलत होते, मी नीट पाहिलं. गणपतीला येईल म्हणून सांगितलंय. ये.

तुझी,
मंजू