डिस्कमागचा पत्रा का घासतो

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर ट्रकच्या (म्हणजे पिकअपच्या, इथे त्यालाच ट्रक म्हणतात) पुढच्या चाकाचा खर्र-खर्र आवाज ऐकल्यापासून आईच्या मनाला घोर लागलाय, असं ताईनं कळवलं. आई, आधी तुझ्यासाठी: हा आवाज ब्रेक निकामी होण्याचा नाही. ब्रेकच्या डिस्कच्या (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी) आतल्या बाजूला धूळ आणि खडे अडवायला एक पातळ पत्रा असतो, त्याची कड डिस्कला टेकते आहे. ब्रेक लागण्याशी त्या पत्र्याचा काही संबंध नाही. मात्र तो महिनोन्‌महिने घासत राहिला तर बोल्टच्या भोकापाशी तडकतो आणि तुकडा एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) वायरवर जातो. म्हणून दुरुस्ती लांबणीवर टाकायची नाही.

बाबा, तुम्ही विचारलंत की गाडी खाली बसवल्यामुळे घासतंय का. पत्रा आणि डिस्क दोन्ही एकाच नकलवर (इंग्रजीत knuckle, स्टिअरिंगबरोबर वळणारा, चाक धरून ठेवणारा ओतीव भाग) बसतात. नुसती आखूड स्प्रिंग टाकून गाडी खाली घेतली, तर नकल जशीच्या तशी राहते आणि त्या दोघांमधलं अंतर बदलत नाही. अशा गाडीत पत्रा डिस्कला घासला, तर बहुधा काम करताना कुणाच्या तरी हातून तो वाकलेला असतो. पण इथे १९९९ ते २००६ च्या शेव्हरोले सिल्वराडोसारख्या पिकअपला बऱ्याचदा ड्रॉप स्पिंडल घालतात. म्हणजे नकलच वेगळी, हबची (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) जागा साधारण २ इंच वर घेतलेली. मूळ पत्रा मूळ नकलच्या आकाराचा असल्यामुळे नव्या ओतीव भागावर तो सपाट बसत नाही. तसाच बोल्ट आवळला की एक बाजू दाबली जाते आणि दुसरी बाजू डिस्ककडे उचलली जाते. इथे नुसतं वाकवून भागत नाही, तर जिथे टेकतो तिथे पत्रा कापावा लागतो.

कात्री हातात घेण्याआधी बेअरिंग बघायचं. चाक उचलून वर आणि खाली धरून हलवायचं. ढिलाई लागली तर वळणावर डिस्क कलते आणि सरळ पत्र्यालाही घासते. मग आधी हब बदलायचा (बेअरिंग त्यातच असतं), पत्र्याला हात लावून उपयोग नाही. आवाजावरूनही कळतं: चाकाच्या वेगाबरोबर वाढत जाणारी खर्र-खर्र म्हणजे पत्रा डिस्कला लागतोय. फक्त स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर घासत असेल, तर पत्रा आर्मला (नकलला चेसिसशी जोडणारा दांडा) किंवा टाय रॉडला (चाक वळवणारा दांडा) लागतोय, नाहीतर टायरच आत कुठेतरी टेकतोय.

चेसिस स्टँडवर ठेवली की चाक खाली लोंबतं आणि आर्मचा कोन बदलतो, मग पत्रा आर्मला लागत असला तरी दिसत नाही. म्हणून स्टँड तसाच ठेवून दुसरा जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटजवळ (आर्म आणि नकल जोडणारा गोल सांधा) लावायचा आणि चेसिस स्टँडवरून जेमतेम हलकी होईपर्यंत उचलायचा. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं. चाक काढल्यावर डिस्क हबवर सैल असते, तिला वॉशर घालून दोन-तीन चाकाचे नट परत लावायचे. हे केलं नाही तर डिस्क डुगडुगते आणि नसलेला दोष दिसतो. पत्र्याच्या कडेला खडू फासून डिस्क हातानं फिरवली की टेकतो तिथला खडू पुसला जातो. ३ मिलिमीटरची अ‍ॅलन की (षटकोनी सळईचा पाना) पत्रा आणि डिस्कच्या मधून सगळीकडून मोकळी फिरली, की अंतर पुरेसं झालं.

वाकवायचं ते कडेला धरून, बोल्टजवळ नाही. कापायचं ते पत्र्याच्या कात्रीनं, थोडं थोडं, दर वेळी कीनं मोजत. जागेवर ग्राइंडर चालवू नये. ठिणग्या बॉल जॉइंटचं रबर जाळतात आणि लोखंडाची भुकटी एबीएस सेन्सरला चिकटते. या गाडीत पत्रा हब आणि नकलच्या मध्ये असतो, तो अख्खा काढायचा तर हब सोडवावा लागतो आणि गंजलेला हब सहजी सुटत नाही. म्हणून कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग) तारेनं टांगून (ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत कधीच नाही) जागेवरच कापलेलं बरं. कापलेली कड कानशीनं घासून तिला झिंक प्रायमर लावायचा.

पुष्कळ लोक पत्रा उपटूनच टाकतात. मला ते पटत नाही. पाणी आणि खडे डिस्कच्या आतल्या तोंडावर थेट येतात, आणि ब्रेकची धग बॉल जॉइंटच्या व टाय रॉडच्या रबरावर पडते.

शेवटी डिस्क ब्रेक क्लीनरनं पुसायची, चाकाचे सहा नट आडव्या-तिडव्या क्रमानं १९० न्यूटन मीटरनं आवळायचे, गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबायचं, आणि शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे.

बाबा, खडी टाकलेल्या रस्त्यावरून आलात आणि आपल्या गाडीतून अचानक असाच आवाज आला, तर बहुतेक वेळा पत्रा आणि डिस्कमध्ये खडा अडकलेला असतो. मोकळ्या जागी गाडी हळूहळू मागे-पुढे घ्या, पुष्कळदा तो तेवढ्यानंच पडतो. नाही पडला तर गॅरेजमध्ये चाक काढून घ्या, पण पत्रा कापायला किंवा काढायला हो म्हणू नका. खडा काढल्यावर वाकलेली कड डिस्कपासून दूर ओढली की झालं.

तुमचा,
बाळ