सुहास, एकटा जा

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय सुहास,

पंचेचाळिशीत, घरदार असताना, एकट्याने तीन दिवस कुठे जाणं बरं दिसेल का, असं तू विचारलंस. दिसेल. आणि तू जावंस असं मला मनापासून वाटतं.

पुरुष गटाने निघाले की एकजण ठरवतो, एकजण गाडी चालवतो, बाकीचे मागे बसतात आणि संध्याकाळी बाटली उघडली की दिवस संपतो. कुटुंबाबरोबर गेलं तर औषधं, टॉवेल, कुणाला काय पचतं हे बहुतेक घरांत बाईच बघते. एकटं गेलं की तहान लागली, पोट बिघडलं, पाय दमले, हे आपलं आपल्यालाच ओळखावं लागतं. अनोळखी माणसाला वाट विचारावी लागते, 'जरा मदत करता का' म्हणावं लागतं. आपल्याला या मागण्याची सवय फार कमी, आणि ती लागते हा मला एकट्या प्रवासाचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. परत आल्यावर घरीही माणूस 'मला बरं वाटत नाहीये' असं सरळ सांगू लागतो.

पहिल्या खेपेला रत्नागिरी धर. तीन दिवस, मुक्काम एकच. रोज नवीन लॉज शोधत बसलास तर अर्धा वेळ बॅग भरण्यात जाईल. जनशताब्दी ठाण्याला थांबते आणि तिला बसायच्या जागा असल्याने बर्थची भानगड नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या पहिल्या दिवसांतच करून टाक. तत्काळवर राहू नकोस, कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. गुरुवारी जा, शनिवारी परत ये. रविवार संध्याकाळ आणि दिवाळीची सुट्टी टाळ. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश जातात, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तिथे मोबाइलला रेंज नसते, तेव्हा 'पोहोचतोय' हा फोन त्याआधी कर. स्टेशन शहराबाहेर आहे, रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरव.

खरी अडचण खोलीची. एकट्या पुरुषाला खोली नाकारणारे लॉज आणि होमस्टे कोकणात बरेच आहेत. त्यांना दारू, दंगा, नाहीतर आत्महत्येची भीती असते. त्यावर रागावून उपयोग नाही. ऑनलाइन बुकिंग झालं तरी दारात नकार मिळू शकतो, म्हणून आधी फोन करून 'एकटाच आहे, आधार ठाण्या-मुंबईकडचं आहे, खोली देता ना?' असं स्पष्ट विचार आणि होकार मेसेजवर घे. पर्यटन महामंडळाच्या निवासाचीही चौकशी कर. काही भक्तनिवासांत एकट्याला खोली देत नाहीत, सामायिक हॉलमध्ये जागा मिळते. ओळखपत्राची झेरॉक्स मागितली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतं का ते विचार. मूळ कार्ड मात्र जवळ ठेव.

बॅग किती मोठी घ्यायची याचा साधा निकष: स्टेशनच्या शौचालयात ती तुझ्याबरोबर आत मावली पाहिजे. सोबत कुणी नसल्यावर 'जरा सामान बघ' असं सांगायला माणूस नसतो. तीस लिटरची सॅक, वजन सहा-सात किलो, तीन शर्ट, दोन पँट, पातळ पंचा. पैसे दोन जागी, शंभर-पन्नासच्या नोटांत. खेड्यात रेंज गेली की यूपीआय बंद. ओआरएसची चार पाकिटं घे. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळव. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं की मिठाचं प्रमाण बिघडतं आणि त्रास उलट वाढतो. लहान पाकीट असेल तर त्यावर लिहिलेलं माप पाळ.

दिवस भरगच्च भरू नकोस. एक दिवस थिबा राजवाडा आणि रत्नदुर्ग. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये हद्दपार केलं, राजवाडा १९१० चा आणि १९१६ मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. तिथे घाईने फोटो काढून निघू नकोस, लाकडी खिडक्यांशी थोडं थांब. दुसऱ्या दिवशी एसटीने पावस किंवा गणपतीपुळे. कंडक्टरला 'उतरायचं सांगाल का' म्हण, पुढे गप्पा आपोआप सुरू होतात. जेवण साडेबाराला, खानावळीत. एकटा माणूस 'नंतर बघू' करत जेवण चुकवतो आणि चारला डोकं धरून बसतो.

समुद्रात गुडघ्यापलीकडे जाऊ नकोस. गणपतीपुळे, आरे-वारे इथे ओढ फसवी आहे आणि हाक द्यायला शेजारी कुणी नसेल. कधी ओढला गेलासच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नकोस, आडवं पोहून ओढीतून बाहेर पड. अनवट गडावर एकट्याने चढायचं नाही. या खेपेला दारूही नको. तोल गेला तर सावरायला कुणी नसतं. अडचणीत ११२, रेल्वेत १३९.

दुसऱ्या संध्याकाळी उदास वाटेल, बहुतेकांना वाटतं. तेव्हा लगेच परतीचं तिकीट शोधू नकोस. अंघोळ कर, बाजारातून चक्कर मार, घरी फोन लाव.

वहिनींना पीएनआर, लॉजचं नाव आणि फोनची ठरलेली वेळ लिहून दे. 'मला मोकळं व्हायचंय' असलं मोघम बोलू नकोस, त्याने माणूस धास्तावतो. आणि तू आल्यावर त्यांनाही तीन दिवस दे. तेव्हा मुलांचे डबे तू करायचेस.

कोपरखैरण्याहून पहाटेच्या लोकलवर भरवसा ठेवू नकोस. आदल्या रात्री माझ्याकडे मुक्कामाला ये, स्टेशन चालत आहे. तिकीट काढलंस की तारीख कळव, गजर मी लावतो.

तुझा,
विवेक