वाईहून, कृष्णेच्या काठावरनं

ती. आई-बाबा,

काल महाबळेश्वरला मुक्काम करणार म्हणून फोनवर सांगितलं होतं, पण तसं झालं नाही. नाशिकहून निघायलाच दहा वाजले, मग पुण्यात ट्रॅफिक, खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला येईस्तोवर संध्याकाळ, आणि रात्री पसरणीच्या घाटात चिऊला उलट्या नकोत म्हणून तुमचे जावई म्हणाले आज वाईलाच राहू.

बाबा, पुण्याहून सांगलीला येताना सुरूर फाटा आला की तुम्ही एसटीच्या खिडकीतून दरवेळी दाखवायचात, हा रस्ता वाईला जातो, मराठी विश्वकोशाचं ऑफिस तिथं आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं गाव, एकदा उतरू. कधी उतरलोच नाही. काल गाडी तिकडं वळली तेव्हा तुम्ही शेजारी हवे होतात असं फार वाटलं.

लॉज साधाच, सामान टाकलं आणि आधी गणपती घाटावर गेलो. ढोल्या गणपती म्हणतात ना, तो खरंच एवढा मोठा आहे की चिऊ मान वर करून बघतच राहिली. देऊळ 1762 ला सरदार रास्त्यांनी बांधलंय. पण बाबा, तुम्ही बघायला पाहिजे ती मागची भिंत, ती सरळ नाहीये, माशाच्या आकाराची निमुळती केलीय, म्हणजे पूर आला की पाणी तिच्यावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावं. त्या लोकांनी नदीकाठी देऊळ बांधताना पूर येणारच हे धरूनच बांधलं. मी त्या दगडावर हात ठेवून बराच वेळ उभी होते आणि डोळ्यासमोर आपलं घर, 2019 चा ऑगस्ट.

आई, तुला माहितीय मी काय लिहिणार ते. आधी तू संक्रांतीला सरकारी घाटावर कृष्णामाईची ओटी भरायला जायचीस, त्या पुरानंतर एकदाही गेली नाहीस. साड्यांची ट्रंक गेली, आजीचा देव्हारा गेला, आठ दिवस लोकांच्या घरी राहिलो, मी कोणत्या तोंडाने तुला विसर म्हणू. पण काल मी शेवटच्या पायरीवर बसले होते आणि इथं ती एवढीशी आहे गं. पलीकडच्या काठावर एक बाई धुणं गोळा करत पोराला हाका मारत होती तर शब्द न् शब्द ऐकू येत होता. चिऊनं विचारलं, हीच नदी आजीच्या सांगलीला जाते? हो म्हटलं. मग तिनं दोन्ही हात पाण्यात घातले आणि म्हणाली आजीला सांग मी हात लावला. मला रडूच आलं. घाटाच्या कडेला प्लास्टिक नि निर्माल्य साचलेलं पण दिसलं, त्याचं वाईट वाटलं, तरी तिथनं उठवेना.

आज सकाळी मेणवलीला जाऊन आलो, नाना फडणवीसांचा वाडा, घाट, आणि 1739 ला वसई जिंकल्यावर आणलेली पोर्तुगीज चर्चची घंटा. विश्वकोशाचं ऑफिस रविवार म्हणून बंद होतं, बाबा, ते तुमच्याबरोबरच बघू.

तर ऐका. इथं कृष्णाबाईचा उत्सव असतो, थंडी सरता सरता सुरू होतो, आणि प्रत्येक घाटाचा वेगळा. तेव्हा मी सांगलीला येते आणि तुम्हाला गाडीत घालून आणते, तीनेक तासांचा रस्ता आहे, मध्ये कराडला थांबू. बाबांच्या गुडघ्यासाठी खालच्या मजल्यावरची रूम मी आत्ताच बघून ठेवलीय. आई, ओटीचं सगळं मी आणते, खण, नारळ, तांदूळ. पाण्याजवळ जावंसं नाही वाटलं तर नको जाऊस, आपण वर देवळाच्या सावलीत बसू, चिऊ जाईल खाली. फक्त ये.

तुमची
सोनी