गजूस पत्र: गॅरेजातून ऑफिसात जाताना

आर्वी तालुका, जि. वर्धा
तान्ह्या पोळ्याचा दिवस

प्रिय गजू,

तुझं पत्र मिळालं. गेम डेव्ह टायकूनमधली (गेम बनवणारी कंपनी चालवायची ती कॉम्प्युटर गेम) तुझी कंपनी ऑफिसात गेल्यावर दुसऱ्यांदा बुडाली अन् दोन्ही वेळा गॅरेजात सगळं नीट चाललं होतं, एवढं वाचूनच गडबड कुठं आहे ते कळलं. पण त्याआधी एक विचारतो. तुझ्याकडची कॉपी कोणाच्या पेनड्राइव्हवरून आली आहे का? तशी असेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. ही गेम बनवणारी ग्रीनहार्ट गेम्स ही पॅट्रिक आणि डॅनियल क्लुग या दोन भावांची कंपनी. २०१३ साली त्यांनी स्वतःच एक चोरटी आवृत्ती टोरेंटवर सोडली होती. तिच्यात थोडं खेळून झालं की लोक तुझ्या गेम फुकट उतरवतात, विक्री आटते आणि कंपनी बुडते. गेम कितीही चांगली काढली तरी तेच. तसा निरोप पडद्यावर दिसला असेल तर ती कॉपी काढून टाक. मूळ गेम स्वस्तातली आहे, जुन्या लॅपटॉपवर चालते, अन् एकदा उतरवली की रोज नेट लागत नाही. आपल्याकडे लाइनीचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक गेम बाजारात आणली की लगेच सेव्ह करत जा.

आता स्लायडर, म्हणजे गेम बनवताना प्रत्येक टप्प्यात वर-खाली करायच्या तीन पट्ट्या. तू लिहिलंस की तिन्ही पट्ट्या पूर्ण वर ठेवतो, म्हणजे काही कमी पडायला नको. चूक इथंच आहे. त्या पट्ट्या मेहनत वाढवत नाहीत, त्या टप्प्याचा वेळ वाटून देतात. तिन्ही पूर्ण वर ठेवल्या काय अन् तिन्ही अर्ध्यावर ठेवल्या काय, प्रत्येकीला एक तृतीयांशच वेळ मिळतो. पहिल्या टप्प्यात इंजिन (गेमचा तांत्रिक पाया), गेमप्ले आणि स्टोरी. दुसऱ्यात डायलॉग, लेव्हल डिझाइन आणि एआय (गेममधल्या पात्रांची अक्कल). तिसऱ्यात वर्ल्ड डिझाइन, ग्राफिक्स आणि साउंड. अ‍ॅक्शन गेम असेल तर इंजिन आणि गेमप्ले वर, स्टोरी खाली. मग डायलॉग खाली, लेव्हल डिझाइन आणि एआय वर. शेवटी ग्राफिक्स आणि साउंड वर. अ‍ॅडव्हेंचरला हे जवळजवळ उलटं: स्टोरी आणि डायलॉग वर, इंजिन आणि एआय खाली, शेवटच्या टप्प्यात वर्ल्ड डिझाइन आणि ग्राफिक्सवर भर. यानंच डिझाइन आणि टेक्नॉलॉजी यांचं प्रमाण ठरतं. अ‍ॅक्शनला टेक्नॉलॉजी जास्त हवी, अ‍ॅडव्हेंचरला डिझाइन.

विषय आणि प्रकार यांची जोडीही जुळली पाहिजे. रेसिंगला सिम्युलेशन, मिलिटरीला स्ट्रॅटेजी, मिस्ट्रीला अ‍ॅडव्हेंचर, फँटसीला आरपीजी (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायची गेम), या जोड्या पक्क्या आहेत. पण तीच जोडी लागोपाठ दोनदा काढू नको, समीक्षकांकडून मिळणारे गुण कापले जातात. पऱ्हाटीवर पऱ्हाटी घेतली की वावर बसतं, तसंच समज. गेम चांगली गेली म्हणून दुसरा भाग घाईनं काढायचा मोहही आवर. ४० आठवड्यांच्या आत काढलेला दुसरा भाग लोकांना आवडत नाही.

अन् लाल बग (गेममधल्या चुका) शून्यावर आल्याशिवाय ‘फिनिश’ दाबू नको. ते बटण लवकर दिसतं, म्हणून हात तिकडं जातो. बाजारात आणल्यावर गेम रिपोर्ट काढायला विसरू नको. त्यातून रिसर्च पॉइंट (नवं काही शोधायला लागणारे गुण) मिळतात, आणि कोणती पट्टी या प्रकाराला महत्त्वाची आहे हेही तिथंच कळतं. एका वहीत जोडी आणि पट्ट्यांचं माप लिहून ठेवलं तर तिसऱ्या खेपेला अंदाजानं काही करावं लागणार नाही.

आता मूळ मुद्दा. गॅरेजात साडेनऊ गुण अन् ऑफिसातल्या पहिल्याच गेमला साडेचार, हे काहून होतं ते नीट समजून घे. ही गेम तुला तुझ्याच आजवरच्या सगळ्यात चांगल्या गेमशी तोलते. आधीच्या सर्वोत्तमापेक्षा थोडी सरस गेम निघाली की समीक्षक खूश. तू गॅरेजातच नव्या इंजिनात मिळेल ते सगळं कोंबून मोठी उडी घेतलीस. तिथं वाहवा झाली, पण पुढच्या गेमसाठी तीच रेघ वर सरकली. मग ऑफिसात कच्ची माणसं घेऊन तू त्या रेघेच्या खाली राहिलास. म्हणून वाढ हळू ठेव. एका इंजिनात एखाददुसरं नवं फीचर घाल, बाकीची पुढच्यासाठी राखून ठेव.

ऑफिसात जायचा निरोप १० लाख जमले की येतो. पडद्यावर तो आकडा १ एम असा दिसतो. तेव्हा नको म्हणता येतं, आणि म्हणावंच. माझ्या मते २५ लाख तरी साठू दे. कारण तिथं गेल्याबरोबर महिन्याचा खर्च चढतो, आणि माणसांचा पगार गेम चालू असो-नसो कापला जातो. सालदार ठेवला की वावरात काम असो वा नसो, साल द्यावंच लागतं, तसं. ऑफिसात तुझ्याशिवाय चार जण बसतात, पण चारही खुर्च्या एकदम भरू नको. आधी एक जण घे, त्याच्यासोबत एक लहान गेम काढ, मग दुसरा. माणूस शोधताना परीक्षा निवडायची असते: कॉम्प्लेक्स अल्गोरिदम लावलं तर टेक्नॉलॉजीवाले येतात, शोरील लावलं तर डिझाइनवाले, गेम डेमो लावला तर दोन्हीत बरे. तू स्वतः अ‍ॅक्शनवर भर देत असशील तर पहिला माणूस डिझाइनचा घे, म्हणजे जोडी समतोल होईल. नव्या माणसाला आधी स्वागताचं ट्रेनिंग दे, तोवर तो पूर्ण कामाचा नसतो.

प्रत्येकाच्या डोक्याशी ताकदीची पट्टी असते. ती उतरली की काम रेंगाळतं, मग गेमच्या मधोमध सुट्टीवर पाठवायची पाळी येते. दोन गेमच्या मधल्या रिकाम्या दिवसांतच पाठवत जा, सगळ्यांना एकदम.

मध्यम आकाराची गेम रिसर्चनं खुली होते. चाहते कमी असताना ती एकट्यानं बाजारात आणलीस तर खर्चही निघत नाही. पब्लिशरचा, म्हणजे तुझी गेम बाजारात विकणाऱ्या मोठ्या कंपनीचा, करार घे. टक्का कमी मिळतो, पण खप मोठा होतो. करारात किमान गुणांची अट अन् दंड लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय सही करू नको. अट ५ च्या आसपास असेल तरच घे. मध्यम गेमला प्रत्येक पट्टीवर माणूस नेमावा लागतो, आणि एकाच माणसावर दोन मोठी कामं टाकलीस तर त्याचा भार लाल होतो. हातचे पैसे आटत असतील तर लहान कंत्राटी काम घे, पण मुदत बघून, कारण तिथंही दंड आहे.

तिसऱ्या खेपेला पहिल्या पाच गेम झाल्या की जोड्या, पट्ट्या अन् गुण लिहून पाठव. कुठं रेघ उंच झाली ते आकड्यांवरून सांगता येईल. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
रवी